भाऊजींच्या बोटांचा विषय

आधीच सांगून टाकते, माझ्या जिभेला हाड नाही. चार लोकांत बोलायला लागले की मला थांबता येत नाही, आणि प्रार्थना करायला लागले तर विचारूच नका. आमचे हे म्हणतात, "तुझ्या आमेनची वाट बघता बघता माझ्या गुडघ्यांना मुंग्या येतात." येऊ देत. अकरा वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या पुढच्या खोलीत प्रार्थनासभा भरते, आणि ती माझ्या याच जिभेवर चालत आलीय.

गोष्ट मात्र माझ्या दिराची सांगायचीय. आता त्यात माझंच तोंड काळं झालंय, त्याला काय करणार.

भाऊजी आमच्याच घरात, खाली रस्त्यालगतच्या दोन खोल्यांत राहतात. मागच्या खोलीत एक खाट, एक कपाट, भिंतीवर बायकोचा फोटो. पुढच्या खोलीत त्यांचं काम. ते वेताच्या खुर्च्या विणतात. लाकडी चौकट सुतार करतो, तिच्या कडेनं बारीक भोकं पाडतो, आणि त्या भोकांतून वेताच्या पट्ट्या ओवून बैठक भरायचं काम भाऊजींचं. कोपऱ्यात पाण्याची बादली, तिच्यात वेटोळी करून भिजत घातलेला वेत. हाताशी एका पत्र्याच्या डब्यात लाकडी खुंट्या, पट्टी भोकात अडकवून ताणून धरायला. खोलीला कायम ओल्या वेताचा वास. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या. अशा सहा फेऱ्या झाल्या की बैठक तयार. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण पंचवीस वर्षं मी दुपारचा चहा घेऊन खाली जातेय आणि पंधरा मिनिटं बडबड करून वर येतेय.

भाऊजी ऐकायचे. मान खाली, ओठ हलताहेत. आधी मला वाटायचं, स्वतःशी काहीतरी पुटपुटतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "या खुर्चीवर जो कोणी बसणार आहे ना, त्याच्यासाठी चाललंय."

"कोण बसणार आहे?"

"मला काय माहीत? देवाला माहीत आहे."

असा माणूस. आणि हा माणूस माझ्या सभेला कधी यायचा नाही! रविवारी उपासनेला जातील, मागच्या बाकावर बसतील, घरी येतील. पण शुक्रवारी आम्ही दहा-बारा जण वर गोलात बसून मोठमोठ्यानं प्रभूला हाका मारतोय, आणि खाली सख्खा दीर एकटा वेत विणतोय. लोक विचारायचे, "ताई, तुमचे दीर?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यावरून आमची किती भांडणं झाली असतील! मी म्हणायचे, "भाऊजी, एका काडीनं शेकोटी पेटत नाही." ते म्हणायचे, "मला शेकोटी कशाला? हात धुवायला कोमट पाणी पुरतं." मी म्हणायचे, दोघं-तिघं जमले की प्रभू मध्ये येतो, हे त्यानंच सांगितलंय. ते म्हणायचे, दार लावून एकट्यानं मागा, हेही त्यानंच सांगितलंय. मी वैतागून आमच्या चर्चच्या पाळकांना विचारलं. पाळक मोठे हुशार. म्हणाले, "दोन्ही खरं आहे, ताई." हे तर मलाही माहीत होतं!

एकदाच भाऊजी मला लागेल असं बोलले. म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. तुम्ही तिथं देवाशी बोलता की एकमेकांशी?"

मी आठ दिवस चहा नेला नाही.

त्यांच्या या न येण्याला एक मूळ होतं, ते मला ठाऊक होतं. पण मी त्याच्याकडे बघायची नाही. वीस वर्षांपूर्वी माझी जाऊ आजारी होती, शेवटचे दिवस. आम्ही चर्चमधले सगळे तिच्या खाटेभोवती जमलो. मी पुढे. डोळे मिटून, हात वर करून, सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करत होतो. अर्धा तास तरी चाललं असेल. आमेन म्हणून मी डोळे उघडले तर भाऊजी एका हातानं तिची मान उचलून चमच्यानं पाणी पाजत होते. तिनं पाणी मागितलं होतं. किती वेळा मागितलं, देव जाणे. आमच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. ओठ हलताना दिसले ते एकट्या भाऊजींना, कारण त्यांचे डोळे उघडे होते. नंतर कधीतरी ते एवढंच म्हणाले, "सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, वहिनी."  ती गेल्यावर त्याच माणसांनी महिनाभर पाळीनं त्यांना डबा आणून दिला, तेही खरं. भाऊजी तो जेवले, प्रत्येकाच्या घरी जाऊन डबा घासून परत देऊन आले, आणि सगळ्यांच्या मोडक्या खुर्च्या फुकट विणून दिल्या. सभेला मात्र आले नाहीत.

तर गेल्या वर्षी भाऊजींना मोठं काम मिळालं. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वाचायच्या खोलीतल्या चाळीस खुर्च्या, सगळ्यांच्या बैठका नव्यानं भरायच्या. ग्रंथपाल स्वतः येऊन नमुना बघून गेले. हल्ली वेताच्या खुर्च्या विचारतो कोण? दोन-दोन महिने भाऊजींकडे एखादी खुर्ची यायची. त्यांचा चेहरा असा उजळला की मी म्हटलं, "भाऊजी, लग्न ठरलं की काय?" ते चक्क लाजले.

महिन्याभरानं मी चहा घेऊन गेले तर त्यांच्या हातून खुंटी पडली. उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती गडगडत माझ्या पायाशी आली.

"काय हो, झोप झाली नाही का?" मी म्हटलं.

ते उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत बसले. मग म्हणाले, "बोटांना कळत नाही, वहिनी. पट्टी गुळगुळीत बाजूनं वर आलीय की उलटी, हे बघावं लागतं. आजवर कधी बघावं लागलं नव्हतं."

डॉक्टरकडे जाऊन आले होते, कुणाला न सांगता. मानेजवळ नस दबलीय. व्यायाम दिलाय, तीन महिने बघू म्हणालेत. बरं होईल किंवा नाही होणार.

"काम होतंय," ते म्हणाले. "सावकाश होतंय, पण होतंय. सात खुर्च्या झाल्यात, बघा, एक पट्टी तरी वाकडी आहे का? फक्त कुणाला बोलू नका. लोकांना कळलं की हात गेलाय म्हणतील आणि काम काढून घेतील. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा. तुमची तुम्ही. सभेत नको."

माझ्यासाठी प्रार्थना करा, असं पंचवीस वर्षांत ते पहिल्यांदा म्हणाले होते. माझे डोळे भरून आले. "माझ्या गळ्याची शपथ," मी म्हटलं, "या कानाचं त्या कानाला कळणार नाही."

हे झालं मंगळवारी. आणि शुक्रवारी मी काय केलं ते आता ऐका.

त्या शुक्रवारी सभा अगदी मरगळलेली होती. आठच जण आलेले. आमच्याकडे रीत अशी, की आधी प्रत्येकानं आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा, मग सगळ्यांनी मिळून त्यावर प्रार्थना करायची. विषय निघाले ते असे: एकाचा खोकला, एकीच्या भाचीची परीक्षा, घरमालकाची कटकट. लोक जांभया देताहेत. मला आतून चुटपुट लागली, आज सभेत काही जीवच नाही. आणि माझ्या पोटात तर मोठा विषय होता, मंगळवारपासून उसळ्या मारत.

मी नाव घेतलं नाही, हां. तेवढी अक्कल होती. मी म्हटलं, "आमच्या घरातला एक जण आहे, हातानं बारीक काम करणारा. त्याच्या बोटांतली संवेदना गेलीय, आणि मोठं काम अंगावर आहे." आमच्या घरात हातानं काम करणारं दुसरं आहे कोण? आमचे हे तर प्यालेला कपसुद्धा उचलून ठेवत नाहीत! पण मला त्या वेळी वाटलं, नाव नाही घेतलं म्हणजे शपथ नाही मोडली. मी रडले, सगळे रडले. अशी प्रार्थना झाली म्हणता, खिडकीच्या काचा थरथरल्या. जाताना लोक म्हणाले, "ताई, आज आशीर्वाद मिळाला." मला इतकं बरं वाटलं त्या संध्याकाळी! भाऊजींची काळजी मला होतीच, खोटं का बोलू? पण सगळी काळजीच होती असं म्हणाले तर तेही खोटं होईल.

त्या गोलात आमेनबाई होती. हे नाव आम्हीच ठेवलंय. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती आमेन म्हणून टाकते. मनानं चांगली, प्रेमळ बाई. आणि वाचनालयाच्या ग्रंथपालांची सख्खी बहीण. हे मला माहीत नव्हतं का? होतं. मला आठवलं नाही. अकरा वर्षं जिच्या शेजारी बसतेय ती कोणाची कोण, हे नेमकं तेव्हाच आठवलं नाही.

बुधवारी दुपारी मी चहाचा कप घेऊन जिना उतरत होते, तर खाली ग्रंथपाल उभे. हातात फळांची पिशवी. आवाज अगदी मऊ.

"तुम्ही आता आराम करा," ते भाऊजींना सांगत होते. "खुर्च्यांचं मनाला लावून घेऊ नका. उरलेल्या आम्ही दुसरीकडे देतोय. तब्येत आधी. आमची बहीण रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते."

"माझ्यासाठी?" भाऊजी म्हणाले. "का बरं?"

"तुमच्या हातासाठी."

मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर होते. माझ्या हातातला कप बशीत वाजायला लागला. भाऊजींना तो आवाज ऐकू आला असणारच, पण त्यांनी वर बघितलं नाही. "बरं," ते ग्रंथपालांना म्हणाले. सात तयार खुर्च्या त्यांनी स्वतः दारापर्यंत नेऊन दिल्या. मग येऊन आपल्या जागी बसले आणि म्हणाले, "वहिनी, चहा गार होतोय."

तेव्हाच पाय धरायला हवे होते. पण मी काय बोलले? मी म्हटलं, "बाई बाई, त्या आमेनबाईला कुठून कळलं कुणास ठाऊक! लोकांना नसत्या चौकशा."

भाऊजी म्हणाले, "हो ना."

एवढंच. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि एकदाचं मिटलं असतं. त्या "हो ना"चं मी काय करू? चोराच्या मनात चांदणं. रस्त्यानं कोणी हसलं तरी वाटायचं माझ्यावरच हसलं. खाल्लेलं अंगी लागेना. दुपारचा चहा मी यांच्या हाती पाठवायला लागले. हे म्हणाले, "तुझे पाय दुखताहेत का?" मी म्हटलं, "हो." आणखी एक खोटं.

सभा चालूच होती, आणि सभेला काय तोंड दाखवायचं तेही मीच दाखवत होते. पुढच्याच शुक्रवारी आमेनबाई साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं काय केलं ते सगळ्यांना सांगायला, उभी राहिली, डोळ्यांत पाणी आणून. "आपण मागितलं आणि प्रभूनं ऐकलं! त्या भावाच्या अंगावरचं सगळं ओझं उतरवलं. आता त्यांना ते अवघड काम करायचं कारणच उरलं नाही." सगळे म्हणाले, आमेन. मीही म्हटलं. खालून विणण्याचा, खुंटी ठोकण्याचा, कसलाच आवाज येत नव्हता.

मग एका सकाळी भाऊजींनी यांना हाक मारून माझ्या सभेच्या खोलीतली एक खुर्ची खाली मागवली. तिची बैठक दोन वर्षं झोळीसारखी खाली आली होती. उशी टाकून आम्ही दिवस काढत होतो. विणणारा घरात, तरी आमचं हे असं. वेळ मिळाला की करतो, भाऊजी म्हणायचे. आता वेळच वेळ होता. पण बोटं आणखी बधिर झाली होती. जी बैठक ते दोन-तीन दिवसांत उरकायचे, तिला पाच आठवडे लागले. मी जिन्यावर उभी राहून चोरून बघायचे. पट्टी ओवायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची, उलटी असेल तर काढायची, परत ओवायची. ओठ हलत असायचे. या वेळी कोण बसणार आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्या खुर्चीवर नेहमी मीच बसते.

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी सव्वापाचला जिन्यावर पावलं वाजली. भाऊजी दोन्ही हातांनी खुर्ची पोटाशी धरून वर आले. सगळे आ वासून बघत राहिले. त्यांनी गोलात जागा केली, खुर्ची ठेवली आणि स्वतःच तिच्यावर बसले.

पाळक त्या दिवशी आलेले होते. ते म्हणाले, "या, या. तुमचा काही विषय आहे?"

"आहे," भाऊजी म्हणाले. "एक माणूस आहे, माझ्या जवळचं. त्याच्या मनावर एक ओझं आहे. काय ते मला माहीत आहे, पण ते त्या माणसाचं आहे, म्हणून मी सांगणार नाही. नावही नाही, खूणही नाही. तुम्ही फक्त गप्प बसून त्याच्यासाठी मागा. मोठ्यानं नको."

अकरा वर्षांत त्या खोलीत अशी शांतता पडली नव्हती. आमेनबाईनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. रस्त्यावरून एक सायकल गेली, तीही ऐकू आली. शेजारच्यांचे श्वास ऐकू येत होते. सगळे कुणासाठी मागताहेत ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते सगळं माझ्या अंगावर येत होतं. असंही सगळ्यांनी मिळून मागता येतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पाच मिनिटं मी तग धरला. मग उभी राहिले. "ती मी," मी म्हटलं. "ते माणूस मीच आहे. भाऊजींनी सभेत बोलू नका सांगितलेलं, मी शपथ घेतलेली, आणि मी इथं बोलले. त्यांचं काम माझ्या तोंडानं गेलं. वर खोटं बोलले." धाय मोकलून रडले मी.

आणि काय सांगू! सगळे धावले. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी पाणी दिलं. आमेनबाईनं मला मिठी मारली, स्वतःही रडायला लागली. पाळक म्हणाले, "असं मोकळं व्हावं, ताई. याला धैर्य लागतं." कुणीतरी स्तुतीचं गीत सुरू केलं. माझ्या छातीवरचा दगड उतरायला लागला. सगळ्यांच्या मध्ये उभी राहून मी डोळे पुसत होते आणि मला बरं वाटत होतं. भाऊजींचा विषय काढला त्या शुक्रवारी वाटलं होतं ना, अगदी तसंच बरं वाटत होतं.

ते ओळखीचं बरं वाटणं लक्षात आलं. मी वळून बघितलं. भाऊजींची खुर्ची रिकामी होती. ते केव्हाच खाली गेले होते.

अगं बये! परत तेच केलंस की. ज्याचं नुकसान केलं त्याला सोडून गावाला सांगितलंस, आणि गावाकडून माफी घेऊन मोकळी झालीस.

आमेनबाईची प्रार्थना अर्ध्यावर होती. सभेतून प्रार्थना अर्धी सोडून मी आजवर उठले नव्हते. त्या दिवशी उठले आणि जिना उतरून खाली गेले.

भाऊजी बादलीतला वेत काढून पिळत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वरचं ऐकलं मी. त्यांना सांगितलंत, देवाला सांगितलंत. मला अजून काही सांगितलं नाहीत."

मी दारातच उभी. वरून गाण्याचा आवाज येत होता. 

"दार लावा, वहिनी," ते म्हणाले.

मी दार लावलं. स्टुलावर बसले, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मंगळवारचं, शुक्रवारचं, जिन्यावरच्या खोट्याचं. आमेनबाई कुणाची बहीण ते आठवलं नाही, हेही सांगितलं. आणि मग जे कधीच कुणाला बोलले नव्हते तेही बोलले, की माझ्या जावेनं पाणी मागितलं त्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. या वेळी मला रडू आलं नाही. बरंही वाटलं नाही. नुसती लाज वाटली, तळपायापासून वर.

भाऊजी बोटं चोळत होते. "मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "कपाचा आवाज झाला तेव्हाच. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो. खूप राग आला होता मला, वहिनी. अजून आहे थोडा."

"असू दे," मी म्हटलं. "तेवढा मला मिळायलाच हवा."

ते हसले नाहीत. वाचनालयाचं काम परत आलं नाही. भाऊजी सभेलाही परत आले नाहीत. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा घेऊन खाली जायला लागले. आठवड्याभरानं, चहा पिता पिता, ते जरा थांबले, दाराकडे बघितलं, आणि मी उठून दार लावलं. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. स्वतःची, कुणालाच न सांगितलेली.

आता शुक्रवारी सगळे विचारतात, "ताई, भाऊजींसाठी काही विषय?" मी म्हणते, "आहे. गप्प बसून मागू या." आमेनबाईला दम निघत नाही. माझ्या दंडाला चिमटा काढून विचारते, "अगं, पण काय ते सांग की!"

नाही सांगितलं. आमच्या यांनाही नाही सांगितलं. आणि एवढं सगळं तुम्हाला सांगितलं ते भाऊजींना विचारून सांगितलंय, पण ती गोष्ट तुम्हालाही नाही सांगणार.